आबांची सत्तावीस मिनिटं

आमच्या रजिस्टरमध्ये एका शुक्रवारच्या पानावर दोन नोंदी आहेत. पहिली निळ्या पेनाची, माझ्या अक्षरात : ‘दु. १२.४०. हद्दवाढ, आबा. थांबवलं. कागद नाहीत.’ दुसरी तिच्याखाली, कंट्रोल रूममधल्या पोराच्या गिचमिड अक्षरात : ‘सं. ६.१५. ऑफिसातनं फोन. तुम्हाला द्या म्हणाले.’ पुढे वकिलाची नोटीस आली, कलेक्टर ऑफिसला अर्ज गेला, चौकाचौकांत ‘चॅनेल विकलं गेलं’ असं बोललं गेलं. त्या सगळ्याचं उत्तर या दोन वेळांच्या मधे आहे. लोकांना ते पटवणं मात्र मला आजवर जमलेलं नाही.

कोल्हापुरातल्या एका लोकल केबल चॅनेलवर तेव्हा कार्यक्रमांची जबाबदारी माझ्याकडे होती. चॅनेलचं नाव सांगत नाही. आबांचंही नाही. आणि आबांनी ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांचं तर नाहीच, कारण सगळा वाद तिथूनच सुरू झाला.

गुरुवार ते रविवार

कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला हद्दवाढ म्हणजे काय ते थोडं सांगावं लागेल. हद्दवाढ म्हणजे शहराला लागून असलेली गावं महापालिकेच्या हद्दीत घेणं. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, पण हद्द होती तिथेच राहिली. शहर वाढलं ते हद्दीबाहेर. आज एकाच रस्त्याच्या एका अंगाला महापालिका आणि दुसऱ्या अंगाला ग्रामपंचायत अशी परिस्थिती आहे. शहरवाले म्हणतात, केएमटीची बससेवा आमची, दवाखाने आमचे, वापर सगळ्यांचा, मग घरफाळा आम्हीच का भरायचा? गाववाले म्हणतात, आहे त्या शहराचे खड्डे आधी भरा, मग आमच्या उसावर आरक्षणं टाकायला या. मधला मार्ग म्हणून २०१७ साली ४२ गावांचं प्राधिकरण झालं, त्याने कोणाचंच समाधान झालं नाही.

रविवारी रात्री साडेआठला आमचा अर्ध्या तासाचा चर्चेचा कार्यक्रम असे. दोन्ही बाजू एकत्र बसवल्या की आवाज वाढायचे आणि ऐकू काहीच यायचं नाही, म्हणून ठरवलं की एका रविवारी गावाकडची बाजू दाखवायची, पुढच्या रविवारी शहराची. आबा शहराला चिकटलेल्या एका गावातले. तीन एकर ऊस, हायस्कूलमधली मास्तरकी करून निवृत्त, गावात शब्दाला वजन. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात गुरुवारी ते स्टुडिओत आले. धोतर नाही, पण टोपी कडक इस्त्रीची. सत्तावीस मिनिटं बोलले आणि फार चांगलं बोलले. घरफाळ्याचा हिशोब, गावठाणाबाहेरच्या घरांचं काय होणार, जनावरांचे गोठे शहरात चालणार काय. कॅमेऱ्यामागे उभा असलेला आमचा पोरगा मान डोलवत होता.

एकोणिसाव्या मिनिटाला ते एका माजी पदाधिकाऱ्याचं नाव घेऊन म्हणाले, “ह्यानं आमच्या गावची सोळा एकर मेव्हण्याच्या नावावर घेतलीया. हद्दवाढ झाली की गुंठ्यानं इकणार. म्हणून ही सगळी घाई.”

कॅमेरा बंद झाल्यावर मी विचारलं, “आबा, सातबारा आहे काय? फेरफार, काही?”

“अख्ख्या गावाला ठावं हाय.”

“गावाला ठाऊक आहे, पण मला उद्या कोर्टात दाखवायला काय आहे?”

“मग तुमी चॅनेल कशाला काढलंय?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी म्हटलं, तेवढी दोन मिनिटं काढतो, बाकी सगळं लावतो. तेव्हा ते काही बोलले नाहीत. शुक्रवारी सकाळी मात्र त्यांचा फोन आला : “कापाकापी नको. लावायचं तर सगळं लावा, न्हाईतर काय बी लावू नका.” मालक गावाला गेले होते. मी एडिटिंगला बसून ते वाक्य पुन्हा तीनदा ऐकलं आणि १२.४० ला रजिस्टरमध्ये लिहिलं.

संध्याकाळचा फोन एका सरकारी कार्यालयातून होता. आवाज अगदी सौम्य. “हद्दवाढीचं काहीतरी लावणार आहे म्हणं तुम्ही. सणाचे दिवस आहेत, जरा बघून.” मी म्हटलं, ते लागणार नाही, दुपारीच ठरलंय. पलीकडून सुटकेचा श्वास ऐकू आला. “बरं झालं. साहेबांना सांगतो.”

फोन ठेवल्यावर कळलं की आपण काय करून बसलो. माझा निर्णय आता त्यांच्या खात्यावर जमा झाला होता.

आणि त्याहून मोठी चूक रविवारी झाली. मोकळ्या जागी काय लावायचं म्हणून पुढच्या आठवड्याचे शहराकडचे पाहुणे आधी लावले. खाली साधी पट्टीसुद्धा सोडली नाही की दुसरी बाजू का नाही. गावात लोक आबांना बघायला टीव्हीसमोर बसले होते. त्यांना दिसला हद्दवाढीचा समर्थक.

नोटीस

आबा सोमवारी आले, चहा घेतला, आवाज चढवला नाही. “माझं तोंड बांधलं तुमी,” एवढंच म्हणाले. अकराव्या दिवशी नोटीस आली. वकील तरुण होता आणि त्याने अभ्यास केला होता, हे कबूल केलं पाहिजे. आधीची पिढी अशा कामासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला जायची. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच भाऊसिंगजी रोडला बसतं, त्यामुळे ‘रिट टाकू’ हे वाक्य कोल्हापुरात आता नुसतं दम भरायला वापरलं जात नाही.

नोटिशीत ‘आबांचा कार्यक्रम दाखवा’ या मागणीसाठी तीन मुद्दे होते.

पहिला मनुभाई शहा यांच्या खटल्याचा, १९९२ सालचा. अहमदाबादच्या या ग्राहक चळवळीतल्या प्राध्यापकांनी एलआयसीवर टीका करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. एलआयसीच्या एका अधिकाऱ्याने ‘हिंदू’मध्ये उत्तर दिलं, शहांनी तिथेच प्रत्युत्तर दिलं. मग एलआयसीने आपल्या ‘योगक्षेम’ या मासिकात अधिकाऱ्याचा लेख तेवढा छापला, शहांचा छापायला नकार दिला. आमचं घरचं मासिक आहे, म्हणाले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, छापावंच लागेल. त्याच निकालात भोपाळ वायुकांडावरचा माहितीपट दाखवायला नकार देणाऱ्या दूरदर्शनलाही तो दाखवायला लावलं. वाचताना क्षणभर मलाही वाटलं की आपण हरलो. एक बाजू दाखवून दुसरी गाळणं, हे तर आम्हीही केलं होतं.

पण तो निकाल ज्या खांबावर उभा आहे तो आमच्याकडे नाही. एलआयसी आणि दूरदर्शन म्हणजे घटनेच्या १२ व्या अनुच्छेदाच्या अर्थाने ‘राज्य’. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला आपल्या टीकाकाराचं तोंड दाबता येत नाही. आमचं चॅनेल जाहिराती आणि मालकाच्या कर्जावर चालतं. घटनेच्या १९ (१) (अ) मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य मुळात सरकारपासून वाचवण्यासाठी आहे, शेजाऱ्याच्या ओसरीवर सभा घेण्यासाठी नाही.

दुसरा मुद्दा हवेतल्या लहरींचा. १९९३ च्या हिरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा खटला झाला. १९९५ च्या निकालात न्या. पी. बी. सावंत यांच्या पीठाने लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही, असं म्हटलं. वकिलाचं म्हणणं, मालमत्ता सार्वजनिक तर त्यावर आबांचाही हक्क. मुद्दा ऐकायला गोड आहे. आमच्या कंट्रोल रूमपासून आबांच्या गावापर्यंत मात्र लहर कुठेच नाही. खांबाखांबावरून गेलेली फायबर आहे आणि शेवटी घरात शिरणारी काळी वायर. माकडांनी ती तोडली की चॅनेल बंद.

हा फरक नुसता तांत्रिक नाही. अमेरिकेत १९६९ साली रेड लायन खटल्यात रेडिओवर टीका झालेल्या लेखकाला त्याच रेडिओवर उत्तर देण्याचा हक्क मान्य झाला. कारण हेच, की वारंवारिता मोजक्या आणि त्या मागणारे अनेक. पाचच वर्षांनी टॉर्निलो नावाच्या उमेदवाराने मायामीच्या वर्तमानपत्राकडे तसाच हक्क मागितला, त्यासाठी फ्लोरिडा राज्यात कायदाही होता. तिथे न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. पेपर थोड्याच हातांत गेले आहेत हा युक्तिवाद त्यांनी सविस्तर नोंदवला, तरी संपादकाच्या खुर्चीत सरकारला बसू दिलं नाही. केबल या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. वायर आमची, पण गल्लीत बहुधा एकच वायर. इथे आबांच्या बाजूला वजन आहे, आणि ते मी नाकारत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात धारदार होता. कौशल किशोर खटल्यात, जानेवारी २०२३ मध्ये, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की घटनेच्या १९ आणि २१ खालचे, म्हणजे बोलण्यासारख्या स्वातंत्र्यांचे आणि जगण्याचे, हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतील. न्या. नागरत्ना यांचं मत या प्रश्नावर वेगळं होतं. म्हणजे ‘आम्ही सरकार नाही’ एवढं म्हणून सुटका होण्याचे दिवस गेले, असं नोटिशीत लिहिलं होतं आणि ते अगदीच खोटं नाही.

आमच्या वकीलबाईंनी यावर मला समोर बसवून एकच विचारलं. “आबांना बोलू दिलं नाही, की तुमच्या तोंडाने बोलू दिलं नाही?” आबांना चावडी होती, पत्रक होतं, नातवाच्या हातात मोबाइल होता. आम्ही त्यांना यातलं काहीच करण्यापासून अडवलं नव्हतं. त्यांना हवा होता आमचा अर्धा तास, आमच्या नावाची पाटी वर लावून. आणि नको ते न बोलण्याचं स्वातंत्र्यही त्याच कलमात आहे. केरळातली तीन मुलं धर्मश्रद्धेमुळे राष्ट्रगीत म्हणायची नाहीत, नुसती आदराने उभी राहायची, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. गप्प राहणाऱ्याचं रक्षण होतं, तर आरोप न छापणाऱ्याचं का नाही?

वकीलबाई सरळ आहेत, त्यांनी आपल्या विरुद्ध जाणारा निकालही काढून दाखवला. पूर्वी उमा टॉकीजला पिक्चर सुरू व्हायच्या आधी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट लागायचा, आपण तोवर बाहेर वडा खात उभे असायचो. ती सक्ती थिएटरवाल्यांनी कोर्टात नेली, आणि १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं दाखवायची सक्ती होऊच शकत नाही असं नाही. पण ती कायद्याने, परवान्याच्या अटीत, ज्ञान-माहितीसाठी होती. केबल कायद्यात तशी सक्ती दूरदर्शनच्या ठराविक वाहिन्यांपुरती आहे. आबांच्या सोळा एकरांसाठी कलम नाही.

उलट आहे ते दुसऱ्या बाजूचं. केबल नियमांतला सहावा नियम, कार्यक्रम संहिता, बदनामीकारक आणि अर्धसत्य मजकूर दाखवू नका असं सांगतो. कलेक्टर ऑफिसला आबांनी केलेला अर्ज तिथेच अडकला. १९९५ च्या कायद्याच्या १९ व्या कलमाने प्राधिकृत अधिकाऱ्याला प्रक्षेपण थांबवता येतं. ‘हे दाखवा’ असं म्हणण्याचा अधिकार कुठेच नाही. तिथल्या लिपिकाने आबांना तसं समजावलं. बाहेर येऊन आबा मला म्हणाले, “बंद करायला हाय, चालू करायला न्हाई. भारी कायदा केलाय.” त्यांच्या या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला.

कागद का मागितला

कोल्हापुरात संपादकाने कागद मागण्याला जुना इतिहास आहे. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने आरोप केले, चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होतोय म्हणून. आधार होता काही पत्रांचा. ती पत्रं बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली तरी खटला थांबला नाही, आणि १८८२ साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. तो खटला आजही ‘कोल्हापूर प्रकरण’ म्हणूनच ओळखला जातो. हेतू चांगला होता, राग खरा होता, लोकांची सहानुभूतीही होती. कागद तेवढा खोटा होता. आमच्याकडे तर खोटाही नव्हता.

मी हे आबांना सांगितलं. मास्तर माणूस, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. “टिळकांनी छापलं तर खरं,” म्हणाले. “तुमी छापायच्या आधीच भ्याला.”

आपल्याच पायाखालचं

आता ते सांगतो जे नोटिशीत नव्हतं, कारण वकिलाला ठाऊक नव्हतं.

या सगळ्याच्या दोन महिने आधी आम्ही एका प्लॉटिंगवाल्याचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लावला होता. कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘प्रायोजित’. त्यात तो शांतपणे सांगत होता की हा पट्टा लवकरच हद्दीत येणार, आत्ता घ्या. कशावरून येणार? मी त्याला सातबारा विचारला नाही, शासननिर्णय विचारला नाही. पावती फाडली आणि फाईल टाइमलाइनवर टाकली.

चॅनेलला काय दाखवायचं ते ठरवण्याचा हक्क आहे, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. पण आबांना लावलेली फूटपट्टी मी त्या प्लॉटवाल्याला लावली नव्हती. कायद्याने त्यात काही बिघडत नाही. आबांचं ‘चॅनेल विकलं गेलं’ हे म्हणणं त्या शुक्रवारपुरतं चूक होतं, दोन महिन्यांपूर्वीच्या त्या अर्ध्या तासापुरतं बरोबर.

दुसरी गोष्ट फोनची. समजा मी १२.४० ला काहीच ठरवलं नसतं आणि ६.१५ च्या फोनने कार्यक्रम थांबला असता. पडद्यावर फरक शून्य. आबांना तीच निराशा, रविवारी तेच पाहुणे. पण तेव्हा प्रकरण उलटं झालं असतं. सरकारी खुर्चीतून, कुठलंही कलम न दाखवता, लेखी काही न देता एक आवाज थांबवला गेला असता, आणि फिर्यादी म्हणून आबांच्या शेजारी आम्हीही उभे राहायला हवे होतो. तोंडी ‘जरा बघून’ला कोर्टात आव्हान देता येत नाही, म्हणून तर ते तोंडी असतं. मालक परत आल्यावर म्हणाले, “भावा, तू आधी ठरवलंस हे तुला माहीत. लोक म्हणणार फोन आला म्हणून थांबलं. आणि खरं सांगू, फोन आला असता तर मी थांबवलंच असतं. केबलचे खांब कोणाच्या जागेत हाईत?”

त्या फोनची बातमी आम्ही केली नाही. करायला हवी होती, असं मला आता वाटतं.

पुढे

रिट झालं नाही. तरुण वकिलाने स्वतःच आबांना सांगितलं की तुमच्या म्हणण्यात दम आहे पण मागणीत नाही. मग आम्ही लेखी कळवलं : तो आरोप वगळून पूर्ण अर्धा तास, कापाकापी न करता, थेट, आणि आधीच्या रविवारी एकच बाजू दाखवली याची दिलगिरी पडद्यावर. तुमच्याकडे कागद आले तर आरोपही लावू, समोरच्याचं म्हणणं घेऊन. दिवाळीनंतरच्या एका रविवारी आबा आले. आरोप केला नाही. शेवटच्या मिनिटाला मात्र म्हणाले, “एक गोष्ट मला हितं बोलता येत न्हाई, ती मी गावात बोलतो.” ते थेट होतं, आणि मी बटण दाबलं नाही.

गावात म्हणजे यूट्यूबवर. नातवाने चॅनेल काढून दिलंय. तिथे त्यांनी सोळा एकरांचं सगळं सांगितलं, नावासकट. अजून कोणी नोटीस पाठवलेली नाही. एकदा रंकाळ्यावर भेटले तेव्हा सांगत होते की कोणीतरी हद्दवाढीच्या बाजूने लांबलचक कमेंट टाकली होती, ती उडवली.

“का हो आबा?”

“माझं चॅनेल हाय की.” मग स्वतःच हसले आणि विषय भडंगावर नेला.

जे दाखवतो त्याचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवावं लागतं. न दाखवलेल्याला तसा नियम नाही. आबांची सत्तावीस मिनिटं मी तरीही वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली आहेत. रजिस्टरमध्ये आता ‘थांबवलं’च्या शेजारी दोन जादा रकाने आखले आहेत : ‘कोणी’ आणि ‘फोन आधी की नंतर’. प्रायोजित कार्यक्रमांसाठी ‘कागद पाहिला’ असा तिसरा आखायचं मी सुचवलं होतं. मालक म्हणाले, बघू, मार्चनंतर.